साखळीची एक कडी आपल्याही हातात हवी!

तुमच्या घरातल्या फ्रीजचं वॉरंटी कार्ड आत्ता कुठे आहे? आईला न विचारता सांगा.

बहुतेकांचं उत्तर 'असेल कुठेतरी' असंच येणार. कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक डबा असतो. त्यात जुने चार्जर, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, बंद पडलेली घड्याळं आणि असली कार्डं सुखाने एकत्र नांदत असतात. कार्ड सापडलंच तर त्यावर दुकानदाराचा शिक्का नसतो. बिल सापडलं तर ते त्या गुळगुळीत थर्मल कागदावरचं असतं आणि त्यावरची अक्षरं केव्हाच उडून गेलेली असतात. मग तुम्ही सर्व्हिस सेंटरला फोन लावता. तिकडून पहिला प्रश्न, 'बिल आहे का?' दुसरा प्रश्न, 'सिरियल नंबर सांगा.' आणि तिसरा, सगळ्यात डेंजर प्रश्न, 'बाहेर कुठे उघडून घेतलं होतं का?'

गंमत बघा, या तिसऱ्या प्रश्नावर तुमचे हजारो रुपये अवलंबून असतात. पण तुम्ही 'नाही' म्हणालात तर ते सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं आणि ते 'हो' म्हणाले तर त्यांच्याकडेही नसतं. ज्याच्या हातात पावतीपुस्तक, त्याचं म्हणणं खरं. आपण निमूट पैसे भरतो.

या रोगावर सध्या एक औषध सुचवलं जातंय. नाव तुम्ही ऐकलंय, बहुतेक वेगळ्या संदर्भात ऐकलंय. ब्लॉकचेन! बिटकॉइनवाली? हो, तीच. वस्तू विकून झाल्यावर सुरू होणारं जे सगळं असतं, म्हणजे वॉरंटी, दुरुस्ती, स्पेअर पार्ट, बदली, परतावा, ते सगळं ब्लॉकचेनवर आणा, असं कंपन्यांना सांगितलं जातंय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. हे तंत्रज्ञान या कामासाठी चांगलं आहे. पण त्या साखळीत नोंद कोण करणार आणि ती वाचू कोण शकणार, हे आत्ताच ठरवलं नाही, तर आपल्यासारख्यांच्या आणि गल्लीतल्या मेकॅनिकच्या गळ्यात ती साखळी नुसती अडकेल.

एका पार्टचा लांबलचक प्रवास

आधी ही सप्लाय चेन म्हणजे काय ते बघू. तुमच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा कंट्रोलर गेला असं समजा. तो कंट्रोलर बहुतेक वेळा स्कूटर कंपनीने स्वतः बनवलेलाच नसतो. तो एखाद्या पुरवठादाराने बनवलेला असतो. तिथून तो कंपनीच्या गोदामात, तिथून विभागीय डेपोत, तिथून डीलरकडे, तिथून अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि मग मेकॅनिकच्या हातात येतो. हा झाला जाण्याचा प्रवास. बिघडलेल्या पार्टचा येण्याचा प्रवास याच्या उलटा. तो सर्व्हिस सेंटरकडून डेपोत जातो, कंपनी तपासते की बिघाड खरंच बनावटीतला होता की तुम्ही स्कूटर गुडघाभर पाण्यातून नेली होती. दोष बनावटीतला निघाला तर त्याचा खर्च कंपनी पुरवठादाराकडून वसूल करायला बघते.

या प्रवासात पाच-सहा टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर वेगळं सॉफ्टवेअर. कुणाकडे भारीतलं, कुणाकडे एक्सेल शीट, कुणाकडे चक्क वही. एकाच्या वहीतलं दुसऱ्याला दिसत नाही आणि दिसलं तरी त्याच्यावर विश्वास नाही. म्हणून मग तुम्हाला ऐकावं लागतं, 'मॅडम, वरून अप्रूव्हल आलेलं नाही.' हे 'वर' म्हणजे नेमकं कुठे, हे कुणालाच माहीत नसतं.

अविश्वासाला कारणंही आहेत. जॉब कार्डवर नवा पार्ट लिहायचा आणि गाडीत जुनाच साफसूफ करून बसवायचा. न बिघडलेल्या पार्टचा वॉरंटी क्लेम लावायचा. ओरिजिनलच्या रिकाम्या खोक्यात डुप्लिकेट माल भरायचा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात पार्ट घ्यायला गेलं, की दुकानदार विचारतो, 'कंपनीचा देऊ की लोकल?' हा प्रश्न तरी प्रामाणिक असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा लोकल माल कंपनीच्या खोक्यात बसून, कंपनीच्या भावाने विकला जातो. ब्रेकच्या पॅडच्या बाबतीत असं झालं तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव. माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड अधिकृत सेंटरमध्ये बदलून घेतला होता. तीन महिन्यांनी त्याच पाच कीज पुन्हा बंद. परत गेले तर काउंटरवर उत्तर मिळालं, 'आमच्या सिस्टीममध्ये आधीचं काही दिसत नाहीये.' सेंटर तेच, काउंटर तोच, फक्त मधल्या काळात तिथली एजन्सी बदलली होती आणि जुन्या एजन्सीबरोबर तिच्या नोंदीही गेल्या होत्या. माझ्या मोबाइलमध्ये जॉब शीटचा फोटो होता म्हणून निभावलं. ज्याच्याकडे तो फोटो नसेल त्याने काय करायचं?

भिशीची वही आणि ब्लॉकचेन

ब्लॉकचेन समजायला कॉम्प्युटर सायन्सची डिग्री लागत नाही. भिशी माहीत असली की पुरे.

बारा जणींची भिशी आहे. साधारण काय होतं? एकीकडे वही असते, तिच्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. आता समजा, कुणाचाच कुणावर विश्वास नाही. मग ठरलं की बाराही जणींनी आपापली वही ठेवायची आणि दर महिन्याची नोंद सगळ्यांनी एकाच वेळी लिहायची. शिवाय एक नियम. प्रत्येक नव्या पानावर सुरुवातीला मागच्या पानाचा एक कोड लिहायचा. हा कोड मागच्या पानावरच्या प्रत्येक अक्षरापासून आणि आकड्यापासून तयार होतो. आता कुणी मार्चच्या पानावर हजाराचे दोन हजार केले, तर मार्चचा कोड बदलतो. तो एप्रिलच्या पानावर लिहिलेल्या कोडशी जुळत नाही. एप्रिलही बदललं तर मे जुळत नाही. म्हणजे पुढची सगळी पानं खोडावी लागतात आणि तरीही उरलेल्या अकरा वह्या ओरडून सांगतात की हिने गडबड केलीय.

पान म्हणजे ब्लॉक आणि कोडने जोडलेली पानं म्हणजे चेन. झालं!

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये बिटकॉइनचा प्रस्ताव मांडला गेला आणि २००९ मध्ये ते नेटवर्क सुरू झालं. तिथे अनोळखी लोकांना एकमेकांवर विश्वास न ठेवता व्यवहार करायचे होते, म्हणून भरमसाट वीज खाणारी ती मायनिंगची भानगड आली. कंपन्या वापरतात ती ब्लॉकचेन सहसा वेगळी असते. तिथे कोण आत येणार हे ठरलेलं असतं, कॉइन नसतं, मायनिंग नसतं. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालचं 'हायपरलेजर फॅब्रिक' हे त्यातलं एक प्रसिद्ध नाव. त्यामुळे 'ब्लॉकचेन म्हणजे क्रिप्टो, म्हणजे घोटाळा' हे समीकरण इथे बाजूला ठेवा.

आता हीच भिशी स्कूटरच्या कंट्रोलरला लावा. पुरवठादाराने पार्ट बनवला की त्याच्या सिरियल नंबरची नोंद. डेपोत आला, नोंद. डीलरकडे गेला, नोंद. तुमच्या स्कूटरमध्ये बसला, नोंद. बिघडला, काढला, परत गेला, प्रत्येक वेळी नोंद. आणि ही वही सगळ्यांकडे एकसारखी. मग 'बाहेर उघडलं होतं का' हा प्रश्न निदान अंदाजावर सुटणार नाही. एजन्सी बदलली तरी इतिहास गायब होणार नाही. वरच्या अप्रूव्हलचंही काम हलकं होतं, कारण 'वॉरंटीत आहे, दोष बनावटीतला आहे, जुना पार्ट जमा झालाय, तर क्लेम मंजूर' असा नियमच साखळीत लिहून ठेवता येतो. याला 'स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट' असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात तो एक छोटा प्रोग्रॅम असतो.

एका खोट्या कागदाची किंमत

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर २०२३ मध्ये विमानांच्या जगात काय झालं ते बघा. विमानाचा पार्ट त्याच्या कागदाशिवाय भंगार मानला जातो. तो कुठे बनला, कुणी तपासला, कुणी प्रमाणित केला, हे सांगणारं सर्टिफिकेट असेल तरच तो बसवता येतो. इतकी कडक शिस्त असलेल्या या क्षेत्रात एओजी टेक्निक्स नावाच्या लंडनच्या एका कंपनीने विकलेल्या पार्टची सर्टिफिकेट्स खोटी असल्याचं उघड झालं. पोर्तुगालच्या टॅप या विमान कंपनीच्या देखभाल विभागाला एक छोटा सुटा भाग कागदावर नवा, पण दिसायला वापरलेला वाटला. त्यांनी इंजिनच्या उत्पादकाकडे विचारणा केली आणि तो कागद बनावट निघाला. हे पार्ट होते सीएफएम-५६ इंजिनसाठीचे. एअरबस ए-३२० आणि बोइंग ७३७ या जगभर उडणाऱ्या विमानांवर हे इंजिन असतं. त्यानंतर सीएफएम कंपनी लंडनच्या कोर्टात गेली आणि तपासात शंभराहून जास्त इंजिनांमध्ये असे पार्ट सापडले. मोठमोठ्या विमान कंपन्यांना इंजिनं उघडून ते काढावे लागले.

सगळं पकडलं गेलं ते कुणा मशीनमुळे नाही. एका माणसाने पार्ट हातात घेतला, त्याला शंका आली आणि त्याने फोन फिरवला. समजा, त्याला शंका आलीच नसती तर?

हनीवेल कंपनीने २०१८ मध्येच विमानांच्या सुट्या पार्टच्या खरेदी-विक्रीसाठी 'गोडायरेक्ट ट्रेड' नावाचा ऑनलाइन बाजार सुरू केला आणि त्यामागे ब्लॉकचेन वापरली. कल्पना साधी आहे. पार्टचा फोटो, त्याचे कागद आणि इतिहास पार्टसोबतच दिसला पाहिजे. कागद कुणी नंतर बदलला तर ते लगेच कळलं पाहिजे. विमानात जे लागतं ते स्कूटरच्या ब्रेकला, घरच्या गीझरच्या थर्मोस्टॅटला आणि हॉस्पिटलमधल्या व्हेंटिलेटरच्या पार्टला का नको?

पण साखळीला डोळे नसतात

इथपर्यंत वाचून 'चला, प्रश्न सुटला' असं वाटलं असेल तर थांबा. भिशीची वही खोडता येत नाही, हे खरं. पण पहिल्यांदा लिहितानाच खोटं लिहिलं तर? बाराही जणी ते खोटं तितक्याच प्रामाणिकपणे जपून ठेवतील. खोक्यावरचा क्यूआर कोड खरा आणि आतला पार्ट नकली असेल, तर साखळीला ते दिसणार नाही. म्हणून नोंद करणाऱ्या माणसावर आणि पार्टला चिकटलेल्या खुणेवर सगळी मदार असते. खूण पार्टवरच कोरलेली हवी, खोक्यावर नको. आणि नोंद दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. मेकॅनिकने 'बदलला' म्हटलं, की ग्राहकाने मोबाइलवर 'हो, बदलला' म्हणायचं, तेव्हाच नोंद पक्की.

याचं आपल्या देशातलं उदाहरण तुमच्या खिशातच आहे. तुमचे एसएमएस उघडा. बँकेकडून, कुरिअरकडून आलेल्या मेसेजच्या नावाच्या शेवटी एस, पी, टी किंवा जी असं अक्षर दिसेल. एस म्हणजे सेवेचा, पी म्हणजे जाहिरातीचा, टी म्हणजे व्यवहाराचा, जी म्हणजे सरकारी मेसेज. दूरसंचार नियामक ट्रायने २०१८ मध्ये नियम केले की असे मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव आणि मेसेजचा नमुना टेलिकॉम कंपन्यांच्या सामायिक डीएलटी यंत्रणेत नोंदवायचा. डीएलटी ही ब्लॉकचेनचीच जातकुळी. म्हणजे ज्या कंपन्या एकमेकींचे ग्राहक पळवायला टपलेल्या असतात, त्या आज एकच वही चालवतात! मग तरीही तुम्हाला 'सर, लोन पाहिजे का' असे फोन येतातच की. कारण ते साध्या दहा आकडी नंबरवरून येतात, म्हणजे वहीच्या बाहेरून. साखळी फक्त तिच्यातून जाणाऱ्याची राखण करते. बाहेरून जाणाऱ्याला ती अडवू शकत नाही.

दुसरं उदाहरण अपयशाचं आहे. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी मिळून मालवाहतुकीसाठी 'ट्रेडलेन्स' नावाचा ब्लॉकचेन प्लॅटफॉर्म आणला होता. पैसा होता, तंत्रज्ञान होतं, पुढे काही मोठ्या स्पर्धक कंपन्याही आत आल्या. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करायची घोषणा झाली. कारण काय दिलं? उद्योगातलं जागतिक पातळीवरचं पूर्ण सहकार्य मिळू शकलं नाही. सोप्या मराठीत, भिशी एका बाईच्या घरची आहे असं बाकीच्यांना वाटत राहिलं. वही सगळ्यांची आहे हे नुसतं सांगून भागत नाही, ते वाटावंही लागतं.

या दोन उदाहरणांतून मी एक गोष्ट शिकले. ट्रायची वही चालली, कारण नियामकाने सगळ्यांना सारखे नियम लावले. ट्रेडलेन्स बंद पडलं, कारण मालकीवरून शंका राहिली. कोडिंगचा प्रश्न दोन्हीकडे दुय्यम होता.

गल्लीतल्या मेकॅनिकचं काय?

आता मुद्द्याचं. एखाद्या कंपनीने उद्या जाहीर केलं की आमचा प्रत्येक पार्ट ब्लॉकचेनवर आहे, तर टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारा. त्या साखळीत नोंद करण्याचा अधिकार फक्त अधिकृत सेंटरला आहे का?

तसं असेल तर काय होईल बघा. तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादाने उत्तम काम केलं, ओरिजिनल पार्ट बसवला, तरी त्याची नोंद होणार नाही. नोंद नाही म्हणजे वॉरंटी नाही. सेकंड हँड विकायला गेलात तर घेणारा म्हणेल, 'हिस्टरीत गॅप आहे', आणि किंमत पाडेल. हळूहळू लोक दादाकडे जायचं बंद करतील. त्याच्या कामात खोट होती म्हणून नव्हे, त्याला वहीत लिहायला परवानगी नव्हती म्हणून. जी खोडता न येणारी वही ग्राहकाच्या रक्षणासाठी आणली, ती दुरुस्तीची मक्तेदारी राखायचं कुलूप होऊन बसेल.

ही भीती हवेतली नाही. मोबाइलच्या जगात 'पार्ट पेअरिंग' नावाचा प्रकार आहे. फोनच्या सॉफ्टवेअरला त्याच्या पार्टचे नंबर माहीत असतात. दुसऱ्या तशाच फोनमधून काढलेला अस्सल डिस्प्ले बसवला तरी स्क्रीनवर इशारा येतो किंवा एखादं फीचर बंद पडतं. कारण कंपनीच्या यंत्रणेने त्या जोडीला मान्यता दिलेली नसते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने मार्च २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि त्यात दुरुस्ती अडवणाऱ्या पार्ट पेअरिंगवर बंदी घातली. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. दिशा चांगली आहे. पण ओरेगॉनसारखा, कंपन्यांना बांधून ठेवणारा दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही. आणि कायद्याच्या आधी साखळी तयार झाली, तर साखळी बनवणाराच नियम ठरवेल.

आयटीआयमधून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या, स्वतःचं गॅरेज किंवा मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकायचं स्वप्न असलेल्या आपल्याच वयाच्या मुलामुलींचा विचार करा. त्यांच्या धंद्याचं भवितव्य ही वही कुणाला पेन देते यावर ठरणार आहे.

'मग साधा डेटाबेस काय वाईट?'

हा प्रश्न माझ्या एका इंजिनिअर मित्राने विचारला आणि तो अगदी रास्त आहे. एकाच कंपनीचं, एकाच छताखालचं काम असेल तर साधा डेटाबेस पुरतो. स्वस्त पडतो, वेगवान असतो. तिथे ब्लॉकचेन लावणं म्हणजे एकट्यानेच भिशी लावण्यासारखं आहे. पण विक्रीनंतरच्या सेवेत पुरवठादार, कंपनी, डीलर, सर्व्हिस सेंटर, मेकॅनिक आणि ग्राहक असे सहा पक्ष असतात. सहाही जणांचे हितसंबंध वेगळे. यातल्या कुणा एकाच्या कॉम्प्युटरवर वही ठेवली, की उरलेले पाच शंका घेणार. ब्लॉकचेनला खरं काम आहे ते इथे.

खाजगीपणाचाही प्रश्न आहे. खोडता न येणाऱ्या वहीत तुमचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर गेला तर? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. जी वही पुसताच येत नाही तिथे तो हक्क कसा बजावणार? उपाय एकच. साखळीत पार्टचा इतिहास जावा, माणसाचा जाऊ नये. नाव-पत्ता बाहेर, पुसता येईल अशा ठिकाणी ठेवावा.

युरोपने एक शहाणा मार्ग काढला आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमांनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून इलेक्ट्रिक कार, ई-स्कूटर यांसारख्या वाहनांच्या बॅटऱ्यांना 'डिजिटल पासपोर्ट' लागणार आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की बॅटरीची माहिती समोर. यात कोणती माहिती सर्वांना दिसेल आणि कोणती फक्त ठरावीक लोकांना, हे कायद्याने ठरवलंय. ब्लॉकचेन वापराच, अशी सक्ती मात्र केलेली नाही. आधी हक्क, मग तंत्रज्ञान. मला हा क्रम पटतो.

आणि सर्वांना वाचता येईल अशी वही आपल्याला नवी नाही. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्ली भागात जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवून देण्याचा उपक्रम हाती घेतला गेला. दाखला खरा की खोटा, हे कुणालाही पडताळता यावं हा त्यामागचा हेतू. एटापल्लीतल्या विद्यार्थ्याच्या दाखल्यासाठी जे सुचू शकतं, ते आपल्या वॉशिंग मशीनच्या मोटरसाठी का सुचू नये?

मग आपण काय मागायचं?

माझ्या चार मागण्या आहेत. पटल्या तर तुम्हीही मागा.

एक, वाचायचा हक्क सर्वांना. वस्तू ज्याच्या मालकीची, त्याला तिचा पूर्ण इतिहास मोबाइलवर फुकट दिसला पाहिजे. सेकंड हँड घेणाऱ्यालाही.

दोन, लिहायचा हक्क कौशल्यावर. आयटीआय किंवा तत्सम प्रशिक्षण घेतलेल्या, नोंदणी केलेल्या स्वतंत्र मेकॅनिकला साखळीत नोंद करता आली पाहिजे. त्याने चूक केली तर त्याच्या नावावर ती राहील, यातच त्याची जबाबदारी आली.

तीन, ग्राहकाच्या होकाराशिवाय नोंद पक्की नाही. जॉब कार्डावर न वाचता सही घेणं आता पुरे.

चार, वही एका कंपनीच्या घरी नको. नियम नियामकाने ठरवावेत, जसे ट्रायने ठरवले.

हे व्हायला वेळ लागेल. तोवर स्वतःची छोटी साखळी तयार करा. बिल हातात आलं की तिथल्या तिथे फोटो काढा आणि स्वतःलाच ईमेल करा. सिरियल नंबरचा फोटो काढा. मोबाइलचा आयएमईआय *#06# डायल करून लिहून ठेवा. दुरुस्तीला देताना जॉब शीट मागा आणि त्यावर पार्टचा नंबर लिहून घ्या. पैसे देऊन पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट परत मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. लाजायचं काय त्यात?

आपली पिढी ओटीटीच्या सबस्क्रिप्शनच्या अटी वाचत नाही, वॉरंटीच्या कुठून वाचणार, असं मोठी माणसं म्हणतात. पण पुढची चाळीस वर्षं गाड्या, बॅटऱ्या, एसी आणि गीझर विकत घेणारी, दुरुस्त करून घेणारी आणि दुरुस्त करणारीही आपणच आहोत. तेव्हा एखाद्या शोरूममध्ये टाय लावलेला सेल्समन 'मॅडम, यात ब्लॉकचेन वॉरंटी आहे' असं कौतुकाने सांगेल, तेव्हा त्याला विचारा, 'त्यात मला काय दिसणार? माझ्या मेकॅनिकला लिहिता येणार का? आणि तुमची कंपनी बंद पडली तर वही कुणाकडे राहणार?' त्याला उत्तरं येत नसतील तर बिलाचा फोटो मात्र न विसरता काढा.